ऑर्बिटल प्रोस्थेसिस: पहिली केस हातात घेताना

पहिली ऑर्बिटल केस, म्हणजे डोळ्याच्या रिकाम्या खोबणीवर कृत्रिम डोळा आणि पापण्या बसवायची केस, आली की नव्या माणसाचं सगळं लक्ष रंगाकडे लागतं. कातडीशी रंग जुळेल ना, हीच धास्ती. बघणाऱ्याला मात्र आधी खटकते ती नजर. मग पापणी, मग कड, आणि रंगाचा नंबर चौथा. रंग थोडा डावा-उजवा झाला तर चष्म्याची सावली सांभाळून घेते. बुबुळ २ मिमी बाहेर बसलं तर त्याला कुठलाच रंग वाचवत नाही. म्हणून खालच्या बैठकांमध्ये सगळ्यात जास्त वेळ डोळा बसवण्याला दिला आहे. घाई करायचीच असेल तर दुसरीकडे करा.

आधी एक फरक. नुसतं नेत्रगोल काढलं असेल आणि पापण्या शाबूत असतील, तर आत बसतो तो ऑक्युलर प्रोस्थेसिस. लोक त्याला 'काचेचा डोळा' म्हणतात, असतो तो कडक प्लास्टिकचा, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा. पापण्या, स्नायू, चरबी असं सगळं काढून खोबण रिकामी केली असेल, म्हणजे एक्झेंटरेशन झालं असेल, तर लागतो ऑर्बिटल प्रोस्थेसिस: मध्ये अ‍ॅक्रिलिकचा डोळा, भोवती सिलिकॉनच्या पापण्या आणि कातडी. सायनसचा किंवा पापणीचा कॅन्सर, लहानपणचा रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) ही याची जुनी कारणं. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेमागोमाग म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आला आणि महाराष्ट्रात अनेकांची खोबण, अनेकांची खोबण आणि टाळू दोन्ही काढावी लागली. हे पेशंट बहुधा डोळ्यांचे दवाखाने फिरून उशिरा दातांच्या कॉलेजात पोचतात. तिथे हे काम होतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. काम प्रोस्थोडॉन्टिक्सकडे (कवळ्या आणि कृत्रिम भाग करणाऱ्या दंतशाखेकडे) येण्याचं कारण साधं आहे: माप, मेण, प्लास्टर, फ्लास्क (साचा करायची दोन अर्ध्यांची धातूची डबी), अ‍ॅक्रिलिक हा सगळा संसार दातांच्या लॅबमधलाच आहे.

पहिली बैठक: बघणं आणि बोलणं

जखम पूर्ण भरल्याशिवाय माप घेऊ नका. ऑपरेशननंतर साधारण ३ महिने थांबा. रेडिएशन झालं असेल तर कातडीचा लालसरपणा आणि सूज उतरेपर्यंत, म्हणजे बरेचदा ५-६ महिने. घाईनं केलेला प्रोस्थेसिस दोन महिन्यांत सैल होतो, कारण खोबणीतली कातडी अजून आकसत असते. तोवर पॅच पुरतो.

टॉर्च घेऊन खोबण आतून नीट बघा. कुठे ओलं, खपलीचं किंवा रक्त येणारं दिसलं तर तिथेच थांबून पेशंटला सर्जनकडे परत पाठवा. रोग पुन्हा डोकं वर काढतोय की नाही, हे आधी कळायला हवं. म्युकरच्या पेशंटची रक्तातली ताजी साखर विचारा. मग भोक शोधा. खोबणीतून नाकात, सायनसमध्ये किंवा थेट तोंडात वाट असू शकते. पेशंटला गाल फुगवायला सांगा; खोबणीतून हवा आली तर वाट आहे.

टाळूही गेली असेल तर क्रम पक्का ठेवा: आधी तोंडातला ऑब्ट्युरेटर (टाळूचं भोक बुजवणारी कवळी), मग डोळा. ऑब्ट्युरेटर नसेल तर बोलताना हवा खोबणीतून सुटते आणि वर बसवलेला भाग प्रत्येक शब्दाला हलतो. शिवाय ऑब्ट्युरेटर बसला की गाल आतून भरतो आणि खोबणीच्या खालच्या कडेचा आकार बदलतो. म्हणून चेहऱ्याचं माप नेहमी ऑब्ट्युरेटर किंवा कवळी तोंडात ठेवूनच घ्यायचं. हे विसरलं की खालची कड गालापासून सुटते, आणि चूक माप घेताना झाली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

खोली मोजा. खोबणीत पातळ स्किन ग्राफ्ट (कातडीचा थर) लावलेला असेल तर काम सोपं. मांडीचा किंवा हाताचा जाड फ्लॅप (मांसासकट कातडीचा तुकडा) भरला असेल तर डोळ्याला मागे सरकायला जागाच उरत नाही; मग कितीही निगुतीनं करा, तो भाग चेहऱ्यावर अंड्यासारखा पुढे येतो. अशा वेळी फ्लॅप पातळ करता येईल का, हे सर्जनला विचारावं. ऑपरेशनच्या आधीच तुमच्याशी बोलणारा सर्जन मिळाला तर दोनच गोष्टी मागा: भुवई जागेवर राहू दे, आणि खोबण भरून टाकू नका.

आता बोलणं. या डोळ्यानं दिसणार नाही, तो हलणार नाही, त्याची पापणी मिटणार नाही. ही तिन्ही वाक्यं पेशंटसमोर आणि घरच्यांसमोर, मराठीत, सरळ बोला. 'डोळा बसवणार' एवढंच ऐकून आलेल्या आईला बरेचदा दिसायला लागेल असंच वाटत असतं. हा गैरसमज शेवटच्या दिवशी फुटला तर चांगलं झालेलं कामही पेटीत पडून राहतं.

चष्म्याची फ्रेम याच बैठकीत ठरवा, मेण लावून झाल्यावर नको. जाडसर काडी, वरची कड भुवईच्या जरा खाली आणि खालची कड गालाच्या उंचवट्यावर येईल अशी. प्रोस्थेसिसच्या कडा कुठे लपवायच्या हे फ्रेमच ठरवते.

दुसरी बैठक: माप

पेशंटला आडवं करू नका. आडव्या माणसाचा गाल कानाकडे ओघळतो, आणि त्या मापावर केलेला भाग बसल्यावर फटी दाखवतो. खुर्ची जवळजवळ सरळ, डोकं टेकलेलं.

चेहऱ्यावर न पुसणाऱ्या पेन्सिलनं मधली उभी रेघ काढा: कपाळाचा मध्य, नाकाचं मूळ, वरच्या ओठाची पन्हाळ, हनुवटी. दुसरी, आडवी रेघ चांगल्या डोळ्याच्या बाहुलीतून. ओल्या अल्जिनेटवर (पाण्यात भिजवून घट्ट होणाऱ्या, माप घ्यायच्या पावडरीवर) या रेघा उमटतात आणि तिथून स्टोनच्या, म्हणजे कडक प्लास्टरच्या, मॉडेलवर येतात. पुढचं अर्धं काम याच दोन रेघांवर चालतं.

भुवया आणि पापण्यांच्या केसांना व्हॅसलिन भरपूर. आत नाकाकडे जाणारी भोकं आणि खोल कोनाडे व्हॅसलिनच्या गॉझनं हलकेच बुजवा आणि गॉझचं टोक बाहेर लोंबतं ठेवा. आत शिरून घट्ट झालेलं अल्जिनेट तुटून सायनसमध्ये राहिलं तर ते काढणं हा वेगळाच उद्योग होतो.

अल्जिनेट जबड्याच्या मापाला भिजवतो त्याहून पातळ हवं, पाणी साधारण दीडपट. अर्ध्या चेहऱ्याला ८-१० माप पावडर लागते. एकदम न भिजवता दोघांनी दोन वाडग्यांत भिजवलं तर गाठी होत नाहीत. पाणी फ्रिजमधलं घ्या. मे महिन्यात नळाच्या पाण्यात अल्जिनेट हातातच घट्ट होतं. आधी ब्रशनं किंवा सिरिंजनं खोबणीच्या आत, मग बाहेर, साधारण १ सेंमी जाड. ओलं असतानाच वर गॉझच्या पट्ट्या अर्ध्या बुडवा, म्हणजे मागचं प्लास्टर त्यांना धरेल. प्लास्टर पातळ थरात आणि झटपट बसणारं. जाड थराच्या वजनानं गाल खाली दबतो.

या सगळ्या वेळात पेशंटनं चांगला डोळा हलकेच मिटायचा, आवळायचा नाही. आवळला की गाल वर चढतो, कानशिलाकडे सुरकुत्या पडतात, आणि मॉडेल त्या वाकड्या चेहऱ्याचं होतं. 'झोपल्यासारखं मिटा' म्हटलं की बहुतेकांना बरोबर कळतं. नाकपुड्या मोकळ्या ठेवा, तोंडानं श्वास घ्यायची सवय आधी करून घ्या, आणि अडचण वाटली तर हात वर करायचा हे ठरवून ठेवा.

माप निघालं की गॉझ मोजून परत काढा. जितके घातले तितके. अल्जिनेट ठेवून देऊ नका. लगेच डेंटल स्टोन ओता, आकसायला फार वेळ घेत नाही ते. स्टोन पाऊण-एक तास तरी बसू द्या.

तिसरी बैठक: डोळा बसवणं

हिला अर्धा दिवस राखून ठेवा.

तयार डोळा निवडताना आधी बुबुळाचा व्यास बघा. मोठ्या माणसात तो ११ ते १२ मिमी असतो आणि अर्ध्या मिमीचा फरकही डोळ्याला जाणवतो. मग रंग, मग पांढऱ्या भागाचा रंग. तयार डोळ्यांचा पांढरा भाग आपल्याकडच्या माणसांसाठी जरा जास्तच शुभ्र असतो. उन्हात राबलेल्या साठीच्या माणसाचा डोळा पिवळसर, कोपऱ्यात तपकिरी, बुबुळाभोवती राखाडी कडं असलेला असतो. डोळ्याचा वरचा थर घासून पातळ पिवळसर-तपकिरी हात द्या, लाल रेशमाचे एक-दोन तंतू शिरांसारखे ठेवा आणि वर स्वच्छ अ‍ॅक्रिलिकचा थर चढवून पॉलिश करा. बाहुली ३-४ मिमीची, म्हणजे घरातल्या उजेडाची. उन्हातली बारीक बाहुली घरात विचित्र दिसते.

डोळा मेणावर टेकवायचा आणि तीन दिशांनी जागा ठरवायची.

डावी-उजवी: मधल्या रेघेपासून चांगल्या बाहुलीच्या मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरनं मोजा, समजा ३१ मिमी. तेवढंच दुसऱ्या बाजूला. पण इथेच थांबू नका. ऑपरेशननंतर नाक एका बाजूला ओढलेलं असतं, आणि तसंही कुणाचाच चेहरा दोन सारख्या अर्ध्यांचा नसतो. मोजमापानं सुरुवात करा, निकाल नजरेवर सोडा.

वर-खाली: बाहुलीतून काढलेली आडवी रेघ. पारदर्शक शीटवर ५ मिमीच्या चौकटी आखून ती चेहऱ्यासमोर धरली की तिरपेपणा लगेच दिसतो.

पुढे-मागे: नवख्यांची चूक सगळ्यात जास्त इथे होते, कारण समोरून ती दिसत नाही. पेशंटच्या मागे उभे राहा, त्याला मान जरा मागे टाकायला लावा आणि कपाळावरून खाली बघा. दोन्ही बुबुळं भुवईच्या कडेच्या किती पुढे येतात ते ताडा. मग बाजूनं, कानशिलाच्या हाडाच्या कडेपासून बुबुळाच्या पुढच्या टोकापर्यंत पट्टी धरा. हे अंतर निरोगी माणसात १२ ते २१ मिमीच्या दरम्यान कुठेही असतं. तुम्हाला हवा तो या माणसाच्या चांगल्या डोळ्याचा आकडा. डोळा मागे जात नसेल तर त्याची पाठ घासा. जाडी कमी करायला वाव असतो, बुबुळाला धक्का न लावता.

आता नजर. पेशंटसमोर ४-५ फुटांवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसा. छोटा टॉर्च आपल्या नाकाच्या शेंड्याशी धरा आणि त्याला टॉर्चकडे बघायला सांगा. चांगल्या डोळ्यात उजेडाचा ठिपका बाहुलीच्या मध्याजवळ, जरासा नाकाकडे दिसेल. कृत्रिम डोळ्यातला ठिपका आरशातल्या प्रतिमेसारखा तिथेच यायला हवा. ठिपका १ मिमी सरकला म्हणजे नजर ७ अंशांच्या आसपास फिरली. तेवढं तिरळेपण रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. मेण कोमट करा, डोळा केसभर फिरवा, पुन्हा बघा. दहा-पंधरा वेळा होतं हे, काही बिघडत नाही. मग पेशंटला उठून उभं करा, खोलीच्या टोकाला पाठवा, परत बोलवा, गप्पा मारा. बसून जुळलेली नजर उभ्यानं कधी कधी जमिनीकडे जाते, कारण खुर्चीत डोकं मागे टेकलेलं असतं.

शेवटी फोन काढा आणि सरळ समोरून, ६ फुटांवरून फोटो घ्या. जवळून घेतलेला फोटो नाक मोठं करतो आणि फसवतो. फोटो पडद्यावर उलटा करून बघितला की तासभर बघून सरावलेल्या डोळ्याला चुका परत दिसायला लागतात.

मेणाचं काम

मॉडेलवरच्या चांगल्या डोळ्याची पापणी मिटलेली आहे हे लक्षात असू द्या. उघड्या पापणीचा नमुना समोर बसलेला माणूसच.

वरची पापणी बुबुळावर १-२ मिमी येते. खालची बुबुळाच्या खालच्या कडेला जेमतेम टेकते. बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसला की माणूस दचकलेला दिसतो, खाली दिसला की आजारी. दोन कोपऱ्यांमधलं अंतर साधारण ३० मिमी, उघडझाप ९-१० मिमी. पण ती चांगल्या डोळ्यापेक्षा किंचित कमी ठेवावी. माणूस बोलताना, वाचताना, दमल्यावर पापणी जरा खाली आणतो, आणि दिवसाचा बराच वेळ तसाच जातो. टक्क उघडा डोळा फक्त फोटोत जुळतो.

पापणीला जाडी असते. कडेला दीड-दोन मिमीचा सपाट काठ, त्यावर केस. नवखे पापणी कागदासारखी धारदार करतात आणि मग चेहरा खेळण्यातल्या बाहुलीचा का वाटतो ते त्यांना कळत नाही. आतल्या कोपऱ्यातली गुलाबी गाठ आणि वरच्या पापणीची घडीही विसरू नका.

कड जितकी पातळ तितकी बरी, शेवटच्या २-३ मिमीत उतरत जाऊन अर्ध्या मिमीच्याही खाली. ती कुठे थांबवायची हे चेहराच सुचवतो: डोळ्याखालची वळी, नाकाच्या बाजूची खाच, कानशिलाच्या सुरकुत्या, नाहीतर फ्रेमच्या सावलीत. सपाट गालाच्या मधोमध थांबलेली कड रंग कितीही जुळला तरी दिसतेच. बसवून झाल्यावर पेशंटला हसायला, तोंड उघडायला, चावायला लावा. गाल जिथे कडेखालून सरकतो तिथे कड आखूड करा किंवा आतून मोकळी सोडा.

कातडीची छिद्रं उमटवायला ओलं गॉझ मेणावर दाबा किंवा संत्र्याच्या सालीचा ठसा घ्या. सालीचा ठसा गालाकडे, पापणीवर नको. पापणीची कातडी बारीक रेघांची असते.

आत खोबण पूर्ण भरायची नाही. धरायला लागेल तेवढाच भाग आत, बाकी पोकळ. जड भाग दुपारपर्यंत खाली ओघळतो.

मेणावर पेशंटची आणि घरच्या एका माणसाची स्पष्ट संमती घ्या. सिलिकॉन झाल्यावर 'डोळा जरा वर हवा होता' याला इलाज नाही.

साचा

डोळ्याच्या पुढच्या बाजूला, बुबुळावर, सेल्फ क्युअर (आपोआप घट्ट होणाऱ्या) अ‍ॅक्रिलिकचा ५-६ मिमीचा खुंट उभा करा. फ्लास्कच्या वरच्या अर्ध्यात तो अडकतो, म्हणून मेण निघाल्यावरही डोळा आपल्या जागेवर राहतो. शेवटी खुंट घासून तिथे पॉलिश करायचं. हा खुंट ढिला राहिला तर तिसऱ्या बैठकीची सगळी मेहनत उकळत्या पाण्यात जाते.

मेण मऊ करायला फ्लास्क उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, मग उघडून गरम पाण्यानं धुवा. मेणाचा तेलकट पापुद्रा राहू देऊ नका. कोरड्या साच्याला कोल्ड मोल्ड सीलचे (साच्याला चिकटू न देणाऱ्या द्रवाचे) दोन पातळ हात. व्हॅसलिन लावलं तर बारीक रेघा बुजतात आणि पृष्ठभागावर डाग पडतात.

सिलिकॉन आणि रंग

चेहऱ्यासाठी वापरली जाणारी प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनमच्या मदतीनं घट्ट होणारी) सिलिकॉनं बहुतेक १० भाग बेस आणि १ भाग क्रॉसलिंकर (घट्ट करणारा भाग) अशी, वजनानं. एका ऑर्बिटल केसला ३० ग्रॅम बेस आणि ३ ग्रॅम क्रॉसलिंकर बहुधा पुरतं. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. अंदाजपंचे चालत नाही.

लेटेक्सचे ग्लोव्ह्ज या टेबलावर येऊ देऊ नका. त्यातलं गंधक प्लॅटिनमला मारतं. गंधक असलेली मॉडेलिंग क्ले, टिननं बसणारं दुसरं सिलिकॉन, काही गोंद यांचाही तोच परिणाम. खूण अशी: आतून घट्ट, पण साच्याला लागलेला पृष्ठभाग दोन दिवसांनीही चिकट. तो पुन्हा तापवून सुधारत नाही, टाकूनच द्यावा लागतो. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला, आणि आधी लेटेक्स घालून साचा हाताळला असेल तर तो धुवून घ्या.

रंग जुळवायला सकाळी दहा-अकराचा, सावलीतला खिडकीचा उजेड. पेशंट उन्हातून स्कूटरवर आलेला असेल तर वीस मिनिटं बसवा, चेहऱ्याची लाली उतरू द्या. पावडर, क्रीम पुसायला सांगा. सुरुवातीचा बेस कातडीपेक्षा एक छटा फिका करा, कारण नंतर वरून गडद करता येतं, फिकं करता येत नाही. गेरूचा तपकिरी, पिवळी माती, थोडा लाल, थोडा निळा, पांढरा अगदी बेतानं. काळा टाळाच, गडदपणा निळा आणि तपकिरीतून आणा. पांढरा जास्त झाला की सिलिकॉन खडूसारखं दिसतं, कातडीची आत उजेड झिरपण्याची तऱ्हा जाते. रंग टूथपिकच्या टोकानं घाला आणि घातलेला प्रत्येक थेंब लिहून ठेवा.

आपल्याकडच्या चेहऱ्यावर डोळ्याभोवतीचा भाग गालापेक्षा बराच गडद असतो. वरची पापणी जांभळट तपकिरी, आतला कोपरा निळसर, खालची वळी करडी, गालाकडे पिवळसर लाल. सगळीकडे एकच रंग भरला तर डोळा चिकटवलेला दिसतो. वेगवेगळ्या छटांच्या चार-पाच वाट्या करून ठेवा, आधी पापणीच्या घडीत गडद, मग कडांना जवळजवळ पारदर्शक थर, मग बाकीचा बेस. बारीक लाल रेयॉनचे तंतू थोडे मिसळले की खालच्या रक्तवाहिन्यांचा भास येतो.

मिश्रण फेटू नका, काचेवर पात्यानं घडी घालत मिसळा. व्हॅक्यूम असेल तर हवा काढा; नसेल तर पहिला थर ब्रशनं अगदी पातळ लावा, बुडबुडे सुईनं फोडा, मग वर भरा. बुडबुडा कडेवर राहिला तर पहिल्या महिन्यातच कड तिथून फाटते. फ्लास्क हळूहळू दाबा. किती तापवायचं, किती वेळ ठेवायचं ते त्या सिलिकॉनच्या माहितीपत्रकाप्रमाणे. आत अ‍ॅक्रिलिकचा डोळा आहे, म्हणून जमेल तितका कमी ताप आणि जास्त वेळ.

काढल्यावर कडा बारीक कात्रीनं. ब्लेडनं पडलेली सरळ रेघ लगेच दिसते. पेशंटला बसवा, वरून रंगाचे शेवटचे हात द्या, सिलिकॉननंच त्यावर पातळ थर लावून ते बंद करा. दिवसाच्या उजेडात जुळलेला रंग ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या बल्बखालीही बघा. काही रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात हिरवट दिसतात.

पापण्यांचे केस एक-एक करून सुईनं. वरच्या पापणीचे आधी खाली जाऊन वर वळतात, खालचे विरळ आणि आखूड. दुकानातली तयार पट्टी लावली की सगळी मेहनत लग्नातल्या मेकअपसारखी दिसते.

धरणार कसं

तीन वाटा आहेत, बरेचदा दोन एकत्र. खोबणीतले कोनाडे आणि चष्मा, वैद्यकीय गोंद म्हणजे अ‍ॅधेसिव्ह, हाडात बसवलेले धातूचे खुंट म्हणजे इम्प्लांट आणि चुंबक. पहिल्या महायुद्धात पॅरिसमध्ये अमेरिकन शिल्पकार अ‍ॅना कोलमन लॅड सैनिकांसाठी पातळ तांब्याचे रंगवलेले मुखवटे करायची, तेही चष्म्याच्या काड्यांवर किंवा बारीक तारेवर टिकायचे. म्हणजे चष्मा ही काही कमी दर्जाची तडजोड नव्हे. फक्त प्रोस्थेसिस चष्म्याला कायमचा चिकटवू नका. चष्मा पुसायला काढला की डोळा हातात येतो, आणि ते चारचौघांत होतं.

अ‍ॅधेसिव्हचा थर पातळ, कडेपासून जरा आत. पाण्यावरचं अ‍ॅधेसिव्ह लावल्यावर दुधासारखं असतं, पारदर्शक झालं की मगच चेहऱ्यावर टेकवायचं. ओलं असताना दाबलं तर घसरतं. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये घाम आणि दमटपणामुळे ते लवकर सुटतं. दुपारी पुसून पुन्हा लावायची सोय पेशंटच्या पिशवीत असू द्या. केसांना खोबरेल चोपडलेलं असेल आणि तेल कपाळावरून उतरत असेल तर कुठलंच अ‍ॅधेसिव्ह टिकत नाही.

इम्प्लांट खोबणीच्या वरच्या आणि बाहेरच्या कडेच्या हाडात बसतात, लांबी ३-४ मिमी. पकड उत्तम, कडा पातळ ठेवता येतात. पण रेडिएशन झालेल्या हाडात ते निसटण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि इम्प्लांटभोवतीची कातडी रोज साफ ठेवावी लागते. पेशंट ते करेल का, हे आधी स्वतःशी नीट विचारा. एमआरआयच्या वेळी चुंबकाचा प्रोस्थेसिस काढून ठेवायचा, आणि हाडात काय बसवलंय ते एमआरआयवाल्यांना सांगायचंच.

चष्म्याच्या काचेबद्दल दोन गोष्टी, ज्या बरेच जण विसरतात. चांगल्या डोळ्याला मायनस ५ ची काच असेल तर तो डोळा काचेतून लहान दिसतो. कृत्रिम बाजूलाही तशीच काच घाला, नाहीतर दोन डोळे दोन आकारांचे वाटतात. आणि काच पॉलिकार्बोनेटची असू दे, नंबर नसला तरी. या माणसाकडे आता एकच डोळा उरलाय.

घरी द्यायच्या सूचना

तोंडी सांगून भागत नाही, कागदावर मराठीत लिहून द्या आणि समोर आरसा ठेवून पेशंटकडून तीनदा काढून-घालून घ्या. घरच्या एकाकडूनही. काढताना पातळ कड ओढायची नाही, जाड भागाखाली बोट घालून उचलायचं.

रात्री काढून ठेवायचा. कातडीला हवा लागू द्यायची. साध्या साबणानं आणि मऊ ब्रशनं धुवायचा, अ‍ॅधेसिव्हचे अवशेष बोटानं चोळून गोळी करून काढायचे, नखानं किंवा थिनरनं नाही. खोबणही ओल्या गॉझनं रोज पुसायची. झाकण असलेल्या डब्यात, उन्हापासून दूर. गॅसच्या शेगडीजवळ आणि गाडीच्या डॅशबोर्डवर नाही. विडी-सिगारेटच्या धुरानं सिलिकॉन पिवळं पडतं. हळदीचा डाग सिलिकॉनमधून बहुधा जात नाही, म्हणून हळदी-कुंकवाला, हळदीच्या समारंभाला आणि रंगपंचमीला तो घरी, पॅच चेहऱ्यावर.

खोबणीत लाल झालं, दुखलं, रक्त किंवा वास आला तर प्रोस्थेसिस घालणं बंद आणि लगेच दाखवायला यायचं. सिलिकॉन दुरुस्त होतं. त्याखाली परत वाढणारा रोग महिनाभर झाकून ठेवणं परवडत नाही.

पहिली तपासणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं, पुढे दर सहा महिन्यांनी. दीड-दोन वर्षांत कड झिजते, रंग उडतो, नवा भाग करावा लागतो. त्यासाठी साचा, रंगांच्या थेंबांची नोंद आणि ३१ मिमीसारखे आकडे पेशंटच्या फाइलला जोडून ठेवा. अ‍ॅक्रिलिकचा डोळा मात्र फेकू नका. पॉलिश करून तोच पुढच्या सिलिकॉनमध्ये बसतो.